खालच्या मजल्यावरचं देवघर

ऐंशी साल नुकतंच उजाडलं होतं. बहरीनला, मनामातल्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि आमच्या बरोबर खाली एक जपानी जोडपं राहायला आलं. माझे यजमान सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघायचे. तो जपानी गृहस्थ जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत इंजिनिअर होता. दोघं पुरुष सकाळीच बाहेर पडत, आणि मग आम्ही दोघी बायका आणि माझी पाच वर्षांची मुलगी, एवढंच काय ते घरात.

ओळख झाली ती माझ्या परकरामुळे. गॅलरीतल्या दोरीवरून तो उडून तिच्या गॅलरीत पडला. तासाभरात दारावर टकटक झाली. बघते तर ही बाई, आणि दोन्ही हातांवर माझा परकर. इस्त्री करून, घडी घालून, देवाचं वस्त्र असावं तसा धरलेला. कमरेत वाकून म्हणाली, "ओकुसान, सॉरी."

मी घाईघाईने म्हटलं, "नो, नो, आम्ही ओक नाही."

ओकुसान म्हणजे वहिनी म्हणतो तसं काहीतरी, हे यजमानांनी संध्याकाळी जिन्यात तिच्या नवऱ्याला विचारून आणलं. मग मीही तिला ओकुसानच म्हणायला लागले. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, म्हणून तर आमचं जमलं. कुणालाच कुणापुढे लाजायला नको.

तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच चपला काढायच्या होत्या, आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. हॉलमध्ये उंचावर एक फळी होती आणि तिच्यावर लाकडाचं चिमुकलं देऊळ. पुढे पांढरी दोरी, बशीत तांदूळ, मीठ, वाटीत पाणी.

"आत कोणता देव?" मी विचारलं.

"सूर्य," ती म्हणाली. "बाईदेव."

आत मूर्ती नव्हती, देवळातून आणलेला देवीच्या नावाचा कागद होता. परदेशी निघताना सासूबाईंनी तो सामानात सगळ्यात वर ठेवला होता. त्याच्यापुढे तिच्या गावाकडे कुठल्याशा झाडाची हिरवी फांदी ठेवतात, ते झाड बहरीनमध्ये कुठून मिळणार? मी वर जाऊन तुळशीची डहाळी आणून दिली. तिने वास घेतला, डोळे मिटले आणि ती तिथे ठेवून दिली.

मग माझं लक्ष वर गेलं. फळीच्या बरोबर वर, छताला, एक कागद चिकटवला होता आणि त्याच्यावर शाईने एकच अक्षर लिहिलं होतं. मी विचारलं तर ती हसायला लागली, सांगेचना. शेवटी खिडकीबाहेर आभाळाकडे बोट दाखवून म्हणाली, "क्लाउड."

देवाच्या डोक्यावर कुणी चालू नये. पण वर तर आम्ही राहत होतो! म्हणून तिने छतावर ढग लिहून देवाला सांगून ठेवलं होतं, की वर कुणी नाही, नुसतं आभाळ आहे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमची मुलगी त्याच जागी दिवसभर दोरीवरच्या उड्या मारायची. घरी येऊन मी तिला दटावलं. दुसऱ्या दिवशी ओकुसान स्वतःच वर आली. पोरीचा आवाज बंद झाला म्हणून तिला वाटलं, आजारी पडली की काय.

"जंप, जंप," ती पोरीला म्हणाली. "नो प्रॉब्लेम. यू आर क्लाउड."

तेव्हापासून मुलगी तिच्याकडेच पडीक. तिथे ती गोष्टी ऐकायची. भावाच्या दांडगाईवर चिडून सूर्याची देवी गुहेत जाऊन बसली, जगभर अंधार झाला, मग सगळ्या देवांनी गुहेबाहेर नाच केला, हसून गोंधळ घातला, आणि काय चाललंय ते बघायला ती डोकावली तेव्हा तिला आरसा दाखवून बाहेर ओढलं. गोष्ट ऐकून आमची कन्या म्हणाली, "इकडे जुलैमध्ये तिला आतच राहू दे ना." ओकुसान इतकी हसली, की चहा सांडला.

पावसाळ्याचे महिने, म्हणजे आमच्या गावाकडे पावसाळा, इथे नुसता घाम. ओकुसानला सातवा महिना लागला होता. एका दुपारी तिचा नवरा कधी नव्हे तो वर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बोलायचा प्रयत्न केला, शब्द सापडेनात. शेवटी गोदीतल्या कामगारांचा शब्द त्याच्या तोंडून निघाला.

"हर फादर... खलास."

डॉक्टर तिला विमानात बसू देत नव्हते. मी तशीच निघाले. तो जिन्यात म्हणाला, "प्लीज. पेपर. वी कॅन नॉट टच."

घरात ती जमिनीवर बसली होती. पुढ्यात कापलेला पांढरा कागद आणि चिकटपट्टी. घरात मृत्यू झाला की देवघर झाकायचं, पन्नास दिवस. आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांनी हात लावायचा नाही, बाहेरच्याने झाकायचं. मला जास्त सांगावं लागलंच नाही. "सुतक," मी म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. "आमच्याकडेही आहे," मी म्हटलं, आणि तिने माझा हात घट्ट धरला.

तिच्या नवऱ्याने खुर्ची धरली, मी चढले. तांदूळ, मीठ, पाणी, तुळस खाली काढून ठेवली.

"आधी देवाला सांगायचं," ती खालून म्हणाली. "कोण गेलं ते."

"मी? कुठल्या भाषेत?"

"युवर लँग्वेज. ओके."

मी पदर सावरला, हात जोडले. "हिचे वडील गेले. पोटुशी आहे, म्हणून जाता आलं नाही. आता काही दिवस हिच्याकडून काही होणार नाही. समजून घे, बाई." चिमुकली दारं लावली आणि वर कागद चिकटवला. तेव्हा कुठे ती रडली.

त्या दिवशी मी मऊभात करून खाली नेला. "हे तर आमचंच," ती म्हणाली आणि सगळा संपवला. मग वडिलांबद्दल बोलत बसली. ते भात लावायचे. वसंतात डोंगरावरचा देव शेतात राहायला येतो आणि कापणी झाली की परत जातो, असं ते मानायचे. परत जाताना त्याला नव्या तांदळाचं जेवण द्यायचं. "एकदा मी त्याच्या वाटणीचं खाल्लं," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, असू दे, देव आता डोंगर चढेपर्यंत भुकेला राहील, पण रागावणार नाही." मी तिला आमच्या राखणदाराबद्दल सांगितलं, आगराच्या कोपऱ्यात त्याला नारळ देतात ते. ती मान डोलवत ऐकत होती, जणू तो तिच्या गावातलाच कुणी.

पन्नास दिवस झाल्यावर कागद काढायलाही मलाच बोलावलं. पाठोपाठ तिला मुलगी झाली, गोरीपान, डोक्यावर काळंभोर जावळ. महिन्याने बाळाला पहिल्यांदा देवाला दाखवायचं असतं, आणि बाळ घ्यायचं आजीने, वडिलांच्या आईने. आईचं बाळंतपण ताजं असतं ना, सोयर आमच्याकडेही आहे. पण तिच्या सासूबाई म्हाताऱ्या, कधी विमानात न बसलेल्या.

ओकुसान वर आली. "टुडे यू मदर-इन-लॉ," म्हणाली.

माझं वय तेव्हा बत्तीस. यजमान हसून हसून बेजार झाले, "सून चांगली मिळाली हो तुला." मी नाकात नथ घातली, हिरवी नऊवारी नेसले. खाली गेले तर सासूबाईंनी जपानहून पाठवलेला रेशमी किमोनो तिने माझ्या हातातल्या बाळावरून पांघरला आणि त्याच्या फिती माझ्या पाठीवर बांधल्या. मी फळीपुढे उभी राहिले. ती दोघं माझ्या दोन्ही बाजूंना. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा वाकायचं. माझे हात बाळात अडकलेले, म्हणून माझ्या वाटणीची टाळी आमच्या मुलीने वाजवली, जरा जास्तच जोरात. बाळ दचकलं आणि माझ्या नथीला हात घालून ओढायला लागलं.

"सोडव गं, सोडव!" मी मराठीतच ओरडले.

ओकुसान पुढे झाली, आणि नेमका तेव्हाच यजमानांनी फोटो काढला. तिच्या सासूबाईंना पाठवलेल्या फोटोत आम्ही सगळे तसेच आहोत, मी वेदनेने डोळे मिटलेली, आणि ती एक-एक बोट सोडवत, हसत.