बुडालेल्या जागेवरचे सुरय

मुलांनो, आज खरबूज कापलं आणि त्या वासाने वैनगंगेच्या वाळूतली मे अखेरची एक सकाळ आठवली. मी तिथे पक्षी पाहायला गेले होते. वाळूत खरबुजाची वाडी करणाऱ्या सखूबाईने सुरय पक्ष्यांच्या अंड्यांभोवती कुत्र्यांच्या भीतीने काटे लावले होते. धरणाचं पाणी सुटलं, तेव्हा तिने अंडी वाळूसकट टोपलीत घेऊन उंचवट्यावर मांडली. पक्षी अंड्यांवर यावेत म्हणून आम्ही दोघी लांब बसलो. पक्षी मात्र बुडालेल्या जागेवरच ओरडत फिरत राहिले. ऊन चढलं.

"सावली धरू तं पाखरं येत नाई, नाई धरू तं अंडे भाजून राहिले," सखूबाई म्हणाली. "सांगा जी बाई, काय करू?"

दुपारपर्यंत पक्षी आले नाहीत.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता तुम्ही परगावी गेल्यापासून दर मे महिन्यात मी तुमच्या रिकाम्या खोलीतल्या गाद्या उन्हात घालते आणि पुन्हा अंथरते.