न दिसणारी अक्षरं

माझ्या हातून काय झालं ते सांगते, पण आधी शब्द द्या, आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत हे कुणाला सांगायचं नाही. तसं आता सांगायचं राहिलंय तरी कोण म्हणा!

शेजारची स्नेहल पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. नोकरीला महिनाच झालाय, अजून पक्की व्हायचीय. त्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे कढीपत्ता मागायला गेले. आमच्या दारातच कढीपत्त्याचं झाड आहे, ते सोडा. नळाला पाणी यायचा दिवस नव्हता, भरायचं काही नव्हतं. माणसानं करावं तरी काय?

बघते तर पोरगी रडकुंडीला आलेली. लॅपटॉपवर काळा पडदा आणि त्यावर अक्षरांवर अक्षरं चढलेली! मधेच चौकोन, मधेच उभ्या रेघा, अर्धी ओळ इकडं तर अर्धी तिकडं. पंगतीत दोन वाढप्यांची धडक झाल्यावर जसं होतं, तसं.

"काय गं, फुटला व्हय?"

"फुटला न्हाई हो काकू! नीट दिसंनाच झालंय. अकराच्या आत फाईल पाठवायचीय. आज चुकलं तर नोकरी जाईल माझी."

पावणेअकरा तर वाजून गेले होते. अशा वेळी लेकराला एकटं सोडून जाईन का मी? खुर्ची ओढली आणि बसले.

तिचे साहेब फोनवर होते, स्पीकर चालू. "कंट्रोल आणि एल दाब. पडदा पुन्हा नीट उमटेल."

दाबलं. जैसे थे.

"खिडकी लहान-मोठी करून बघ."

केली. होतं तेही गबाळ झालं.

"फाईल सेव्ह आहे ना? मग एडिटर बंद कर आणि रीसेट टाइप कर. टाइप केलेलं दिसणार नाही. घाबरू नको, न बघता लिही आणि एंटर मार."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "तू दाब, मी बटणांवर लक्ष ठेवते." अहो, लग्नाआधी टायपिंगच्या क्लासला दोन महिने गेले होते मी! तिनं एकेक बटण दाबलं, मी मोठ्यानं बोलत गेले, "आर... ई... एस... ई... टी! बरोबर हाय, मार एंटर!"

आणि काय सांगू! पडदा लख्ख झाला! ओळी कशा शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगांसारख्या सरळ उभ्या!

"तुझ्यासोबत कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"शेजारच्या काकू," स्नेहल म्हणाली.

"थँक्यू काकू!"

झालं. मूठभर मांस चढलं माझ्या अंगावर.

पाठवायच्या आधी पडद्यानं काहीतरी विचारलं. स्नेहलनं भराभर टाइप केलं, पण एकसुद्धा अक्षर उमटेना. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं.

"स्नेहल, तिसऱ्यांदा चुकलं तर लॉक होईल," साहेब म्हणाले. "सावकाश."

आता सांगा, अक्षरं पुन्हा दिसेनाशी झाली म्हटल्यावर मी काय समजणार? रोग तोच, औषध तेच! ती एकेक बटण दाबायला लागली आणि मी सुरू झाले, "सी... एच... ओ... एम..."

"काकू, गप बसा की!"

"अगं, घाबरू नको, मी हाय ना! बी... डी..."

तिनं एका हातानं फोन झाकला आणि दुसऱ्या हातानं टाइप करत राहिली. मला वाटलं, साहेबांना ऐकू जात नसेल. मग मी आवाज चढवला. "आय! के! ए! के! यू! मार एंटर!"

एंटर मारलं. फाईल गेली. अकराला दोन मिनिटं कमी!

तोच फोनमधून पाच-सहा माणसं एकदम खो-खो हसली. एवढी माणसं ऐकत होती, मला काय ठाऊक?

साहेब कसेबसे म्हणाले, "फाईल मिळाली. छान काम केलंस. आता आधी पासवर्ड बदल. आणि काकू... तुमचे खूप खूप आभार."

स्नेहल तोंडाला ओढणी लावून बसली होती. आनंदानं रडतेय, असं मला वाटलं.

घरी येऊन मी मिस्टरांना म्हटलं, "आज पोरीची नोकरी वाचवली मी. पण ती माणसं माझ्या इंग्रजीला का हसली, तेच कळंना."

"कुठली अक्षरं म्हणालीस?"

मला पाठच झाली होती. मी सांगितली. मिस्टरांनी पेपरच्या कडेला एकेक लिहून घेतली. चष्मा पुसला. परत वाचली. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "चोंबडीकाकू."

मी ताडकन उठले. "बघा बाई! आपल्या कॉलनीत अशी कुणी हाय आणि अजून मला ठाऊक न्हाई?"