तपासकाका आणि भूल देणारी डॉक्टर

गल्लीत त्यांना सगळे तपासकाका म्हणायचे, आणि यात गल्लीचा काडीचाही दोष नव्हता. भाजी घ्यायला गेले की आधी तराजू तपासायचे, मग भाजी. कुणाच्या घरी गेले की खुर्चीत टेकण्याआधी तिचे चारही पाय हलवून बघायचे, आणि घरचा माणूस अवघडून शेजारी उभा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, नोकरी सुटली, पण खोड काही सुटली नाही.

कामात त्यांचा एक नेम होता. दुरुस्ती झाली की ते कुणालाही लिफ्टमध्ये पाऊल टाकू देत नसत, मग बाहेर मोठा साहेब का ताटकळत असेना. आधी एकटे स्वतः बसायचे, पार वरपर्यंत जाऊन खाली यायचे, दार उघडायचे आणि म्हणायचे, "चालू आहे. बसा." काकू तेव्हा एका कचेरीत टेलिफोनवर होत्या. एकदा लिफ्ट बंद पडली, बाकीचे कुरकुरत जिन्याने गेले, आणि या एकट्या पर्स सांभाळत खाली थांबल्या. दार उघडलं, ते तीन शब्द आले, काकू आत गेल्या. "त्या फेरीतून मी अजून उतरलेच नाही," असं त्या लेकीला सांगायच्या आणि काका उगाच चष्मा पुसायला घ्यायचे.

तर अशा या काकूंच्या पित्ताशयात खडे झाले. पोटात कळ आली की बाई भिंतीला टेकून बसायच्या, कपाळावर घाम. सर्जन माणूस चांगला होता. दुर्बिणीतून काढू म्हणाला, आणि आता लांबवू नका असंही बजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, घरी आल्या, चप्पल काढली आणि म्हणाल्या, "मी नाही करून घेणार."

भीती कापण्याची नव्हतीच. लहानपणी त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. जाग आली तेव्हा खोलीत चिटपाखरू नाही, घशातून आवाज फुटेना, आणि पुढे उलट्यांनी जीव नकोसा झाला. "पोट कापणाऱ्याचं तोंड मी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मला झोपवलं कुणी, ते आजपर्यंत कळलं नाही. अशा माणसाच्या हाती मी पुन्हा स्वतःला देणार नाही. आधी मला माणूस दाखवा."

यावर दुसऱ्या कुणी नवऱ्याने कपाळाला हात लावला असता. तपासकाकांना मात्र हुरूप आला. इतक्या वर्षांत बायकोने प्रथमच त्यांना तपासायला सांगितलं होतं.

लेकीला मोबाइल घेऊन शेजारी बसवलं आणि गावातले भूलतज्ज्ञ धुंडाळायला सुरुवात झाली. पहिले डॉक्टर नावाजलेले, पण काकांच्या विमा कंपनीच्या यादीतल्या एकाही रुग्णालयात ते जात नव्हते. दुसऱ्यांच्या पाटीवर पदव्यांची रांग होती. वैद्यकीय परिषदेच्या साइटवर बघितलं तर नोंदणीची मुदत कधीच संपलेली. "पट्टा झिजलेली लिफ्ट," काका म्हणाले आणि नाव खोडलं. तिसरं नाव खुद्द सर्जननेच सुचवलं. या बाई डॉक्टर होत्या. नोंदणी चालू, भूलशास्त्रातली पदवी खरी. काकांनी तरी कॉलेजात फोन करून खात्री करून घेतलीच. तिथल्या कारकुनाने विचारलं, "स्थळ बघताय का?"

मग विम्याची पाळी. रुग्णालयाच्या खिडकीवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "काका, आमचं रुग्णालय यादीत आहे, कॅशलेस होईल."

"रुग्णालय आहे, कबूल. पण भूल देणाऱ्या बाई बाहेरून येतात. त्यांचं काय?"

मुलीचं हसू जरा सैल झालं. कंपनीला फोन लागला. या खिडकीवरून त्या खिडकीवर अशी काकांची बरीच ये-जा झाली, आणि अखेर उलगडा झाला. डॉक्टरांची फी रुग्णालयाच्या बिलात आली तर विमा ती देणार, वेगळी पावती केली तर नाही. बिलातच येईल, असं काकांनी लिहून घेतलं. निघताना तिथल्या डगमगत्या टेबलाखाली कागदाची घडीही सारून आले. त्या मुलीने हात टेकले होते, पण टेबल हलायचं थांबलं म्हणून आभार मानले.

आता राहिली होती गाठभेट. काका प्रश्न पाठ करून गेले होते. डॉक्टर बाई उंच, केस आखूड, बोलणं शांत. त्यांनी काकांची सगळी फैर ऐकून घेतली, एकेका प्रश्नाला नीट उत्तर दिलं, आणि म्हणाल्या, "आता माझी पाळी. काकू घोरतात का?"

"छे, अजिबात नाही," काका म्हणाले.

"घोरते," काकू म्हणाल्या. "हे माझ्याआधी झोपतात, यांना काय कळणार."

"जिना चढताना दम लागतो?"

"जिना चढतंय कोण? लिफ्ट आहे ना आमच्याकडे. मीच बघतो तिच्याकडे."

"मी रोज जिनाच चढते हो डॉक्टर. तेवढाच व्यायाम. दम नाही लागत."

काकांनी वळून बायकोकडे बघितलं. डॉक्टर बाईंनी हसू दाबलं. "दात वगैरे? हलणारा एखादा?"

"सगळे पक्के," काका म्हणाले, पण आता आवाजात तेवढा दम नव्हता.

काकू जरा चुळबुळल्या. "वरचा एक हलतो."

"कधीपासून? मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही दातांच्या डॉक्टरांची चौकशी काढली असती. तोवर दात आपला आपण पडला असता."

डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. झोपेत श्वासासाठी तोंडातून नळी घालावी लागते; हलणारा दात निसटून श्वासनलिकेत गेला तर भलतंच होऊन बसेल. आधी काढून टाकू, म्हणजे प्रश्न मिटला. उलट्यांचं मागचं ऐकून त्यावरही औषध आधीच देऊ म्हणाल्या. काकू मान डोलवत होत्या. काकांनी कॉलेज तपासलं, कंपनी तपासली, टेबलसुद्धा तपासलं, आणि घरातला दात राहिला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"अजून काही विचारायचंय?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

काकांनी पाठ केलेलं सगळं संपलं होतं. मग जे पाठ नव्हतं ते बोलले. "लिफ्ट दुरुस्त केली की पहिली फेरी मी करतो. माझ्याआधी कुणाला बसू देत नाही. इथे मला तसं करता येत नाही. हिला एकटीला आत कसं पाठवू? मला भीती वाटते."

काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. भीती हा शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"एकट्या नसतील," डॉक्टर बाई म्हणाल्या. "दार बंद झाल्यापासून त्या जाग्या होऊन माझ्याशी बोलेपर्यंत मी त्यांच्या उशाशी असते. मध्ये चहालाही जात नाही."

काकूंनी पदर सावरला. "तारीख द्या," त्या म्हणाल्या. "मी माणूस बघितला."

दात निघाला. तिथे काकांनी एकच प्रश्न विचारला, दुखेल का म्हणून. दातांचा डॉक्टर याच गल्लीतला, त्यामुळे एवढ्यावर निभावलं याचा त्यालाच धक्का बसला.

ऑपरेशनच्या सकाळी काकू आत गेल्या आणि दार लागलं. बाहेर एक बाक होतं. काकांनी हलवून बघितलं, एक पाय आखूड निघाला. म्हणून ते उभे राहिले. लेक म्हणाली, "बाबा, टेका ना जरा." सर्जन बाहेर येऊन सांगून गेला, काम झालं, खडे निघाले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी काका उभेच. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. अजून फेरी पुरी झाली नव्हती.

मग दार उघडलं. ट्रॉली बाहेर आली, आणि उशाशी, कबूल केल्याप्रमाणे, डॉक्टर बाई चालत होत्या. काकूंचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे. काका वाकले.

काकूंनी एक डोळा उघडला. दात गेलेल्या खिंडीतून, जड जिभेने, पण स्पष्ट म्हणाल्या, "चालू आहे. बसा."

लेकीला हसू आवरेना. आणि सकाळपासून उभे असलेले तपासकाका मागच्या त्याच बाकावर मटकन बसले. बाक चांगलंच डुगडुगलं. त्यांना पत्ताही नव्हता.