बोरठाणा थोरलं की धाकटं? येळवशीच्या दिवशीची पायपीट

रोज सकाळी नांदेडला एकत्र फिरणारी आमची मंडळी यंदा येळवशीला लातूरकडच्या रानात पायी हिंडायचं म्हणाली, तेव्हा गाव मीच सुचवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. थंडीत ज्वारी हिरवी असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, त्या दिवशी तिकडची गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. वाटेनं जाणाऱ्याला उपाशी सोडत नाहीत. फिरायला याहून चांगला दिवस नाही.

गाव सुचवण्यामागं माझा स्वार्थ होता. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी मंगल चाकूर तालुक्यातल्या बोरठाण्याला दिलेली. शाळा सुटल्यापासून भेट नव्हती. दिवाळीत एका मैत्रिणीकडून तिचा नंबर मिळाला. "ये बाई येळवशीला," ती म्हणाली. "ही माझी शेवटचीच. शेत बटईनं दिलं. पोरगा त्याच दिवशी सांजच्याला गाडी घेऊन येतो, मग कायमचं हैदराबाद." ती जाण्याआधी तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच माझं काम.

नकाशात बोरठाणे दोन निघाले. खुर्द आणि बुद्रुक, मध्ये ओढा. मी फोन करून विचारलं, "तुझं कोणतं गं?" "मोठं गाव," ती म्हणाली. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, हे मला पाठ होतं. मी बुद्रुक लिहून मोकळी झाले.

सकाळी आम्ही नऊजण भाड्याच्या गाडीनं निघालो. माणशी पाचशेच्या आत बसलं. लोह्याला चहा आणि गरम भजी. रस्ता अहमदपूरपर्यंत छान आहे. चाकूरच्या पुढं गाडी सोडली आणि पांदीला, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेला, लागलो. पाणी बरोबर घ्याच, कारण सावली कमी. आणि बूट जुने घाला, काळी माती सोडत नाही. डाव्या हाताला करडई, उजवीकडं तूर, आणि शेताशेतात येळवशीच्या पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपी, तिकडच्या भाषेत कोपी. आमचे पुढारी पाटीलसर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, मोबाइलवरचा नकाशा पुढं धरून चालत होते.

बुद्रुकला पोचलो तर गावात चिटपाखरू नाही. दारोदार कुलपं, मारुतीचा पार रिकामा, त्यावर एक शेळी. मी मंगलला फोन लावला.

"पोचलो गं. मारुतीपाशी आहे."

"मी बी मारुतीपाशीच हाय की! कुठं हायसा?"

"पारावर."

"मी पारावरच उभी हाय. दिसनास की!"

मी गोल फिरून पाहिलं. शेळीनंही माझ्याकडं पाहिलं. "शाळेसमोरचा पार ना?" "हाव, शाळेसमोरचाच." वसतिगृहात या 'हाव'साठी सिस्टर तिला टोकायच्या, "हाव नव्हे, हो म्हण." शब्द तिचाच, पण मंगल काही दिसेना. आमच्या मंडळींतल्या नलूताई म्हणाल्या, "सुधाताई, नीट विचारा, त्या ह्याच जगातल्या आहेत ना?" सगळे हसले. मला हसू येईना.

तेवढ्यात कपाळाला विभूती लावलेले एक आजोबा शेताकडून पाण्याची घागर न्यायला आले. पाटीलसरांनी त्यांना विचारलं, "हे बोरठाणा बुद्रुकच ना? मोठं?"

"हाव, बुद्रुक. पन मोठं न्हाई."

"बुद्रुक म्हणजे मोठं ना?"

"व्हतं मोठं. मग सडक तिकडून गेली, लोक तिकडं गेले. आता मोठं ल्हान हाय अन् ल्हान मोठं हाय." आजोबा क्षणभर थांबले, बोटांनी इकडं तिकडं दाखवलं, स्वतःच गोंधळले आणि म्हणाले, "जाऊ द्या. आदी जेवा."

मंगलचं मोठं गाव म्हणजे खुर्द! फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "मग वढ्याच्या काठानं शेतातच ये." मला तिथूनच पळत सुटावंसं वाटलं. पण येळवशीला पळता येत नाही. आजोबा आम्हाला त्यांच्या शेतात घेऊन गेले, तर सुनेनं पत्रावळी मांडल्याच होत्या. भज्जी म्हणजे कांद्याची नव्हे हो. ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या आणि बेसन ताकात शिजवलेलं ते एक अजब प्रकरण असतं. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबट गार आंबील. "घ्या की वो बाई, लाजून राहिले काय?" सून वाढतच राहिली.

पुढं ओढ्याच्या काठानं निघालो तर प्रत्येक कोपीतून हाक. "ओ पाव्हणं, या!" नाही म्हटलं की माणसं खरोखर वाईट वाटून घेतात. एका ठिकाणी मी हात जोडले, "मैत्रीण वाट बघतेय हो." तिथली बाई म्हणाली, "मग एक पेला आंबील तर प्या, मैत्रीण काय पळून जाती?" कसं सांगणार, की आज ती खरंच जाते आहे! उन्हं कलायला लागली. नकाशा ओढ्यात पायवाट दाखवी, तिथं बाभळी निघत. पाटीलसर दोनदा वळले. आम्ही एकाच शेतात परत आलो, आणि तिथल्या माणसांनी आम्हाला पुन्हा जेवायला बोलावलं.

खुर्दच्या शिवारात पोचलो तेव्हा बांधापाशी पांढरी गाडी उभी होती, डिकी उघडी, आत गाठोडी. कोपीजवळून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई लगबगीनं आली आणि थेट नलूताईंच्या गळ्यात पडली.

"सुधे! किती उंच झालीस गं!"

ती हमसून रडत होती. नलूताई बिचाऱ्या तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडं बघत होत्या.  आणि खरं सांगते, मीही तिला ओळखलं नव्हतं. दोन वेण्यांची, गालाला खळी पडणारी मंगल मी शोधत होते. ही कोण?

"मंगल, अगं मी इकडं."

तिनं वळून बघितलं. नलूताईंना सोडलं. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग पदरानं डोळे पुसत हसली. "आग बाई! मग हिच्या गळ्यात पडून रडले ते?"

"राहू द्या," नलूताई म्हणाल्या, "मलाही बरं वाटलं."

मंगलनं मला कोपीत बसवून स्वतःच्या हातानं वाढलं. पोट तुडुंब होतं तरी जेवले. बोलायचं किती होतं! सिस्टर, खाटा, चोरून खाल्लेल्या चिंचा. मी एक सांगावं तर ती भलतंच आठवी. तिच्या आठवणीतली घाबरट मुलगी मी होते का दुसरी कुणी, तेही कळेना. मुलगा अदबीनं दोनदा येऊन गेला. "आई, निघावं लागतं."

"माझा चेहरा आठवत नाही ना तुला?" मी शेवटी विचारलं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "पन तू तोंड उघडलं की वळखू येतीस."

गाडी गेली. शेतं हळूहळू अंधारली, आणि लांबच्या बांधांवरून पेटते हेंडगे, म्हणजे गवताच्या जळत्या पेंढ्या, घेऊन माणसं पिकाभोवती फिरायला लागली. आमची गाडी खुर्दच्या सडकेवर आली होती. तुम्ही गेलात तर सरळ तिथंच उतरा.

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "मग भेटली का मैत्रीण?" मी हो म्हटलं, आणि रात्रभर त्या 'हो'चा विचार करत राहिले. डोळे मिटले की अजून खळीवालीच येते. कोपीतली म्हातारी तिच्या शेजारी बसायला तयार नाही. दोघींना एका नावानं हाक मारायची म्हणजे कठीणच आहे.

परवा हैदराबादहून मंगलनं व्हिडिओ कॉल लावला, नातवानं शिकवला म्हणून. आम्ही दोघी परक्या बायकांसारख्या एकमेकींकडं बघत बसलो. 

मग तीच म्हणाली, "सुधे, हे तोंड बंद कर गं. नुस्तं बोल."

मी कॅमेरा बंद केला. तिनंही केला. त्यानंतर आम्ही दूध उतू जाईपर्यंत बोललो.