गायकवाड सर आणि मी कापलेला परिच्छेद

गायकवाड सर आज सकाळी गेले.
जी चूक ते शेवटपर्यंत स्वतःची मानत राहिले, ती माझी होती.

सदाशिव पेठेत आमचं शालेय पुस्तकांचं प्रकाशन. चाळीस माणसं. मी तिथे संपादक.
हिंजवडीत दुसरं ऑफिस निघालं, तेव्हा कोणाला कुठे बसवायचं हे ठरवायला मालकांनी सरांना कन्सल्टंट म्हणून आणलं.

सर सिस्टिम्स थिअरी शिकवायचे, म्हणजे व्यवस्थेचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात ते; पण बोलायचे डॉक्टरसारखे.

"ऑफिस म्हणजे मशीन नाही हो. मशीनचा एक भाग काढा, ते बंद पडतं. निदान कळतं तरी. शरीर बंद पडत नाही. सावरून घेतं, लंगडत चालतं. मग हीच आपली चाल, असं त्याला वाटायला लागतं."

दोन आठवडे ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते. "अडलं की कोणाकडे जाता?"

उत्तरांच्या रेघा त्यांनी एका मोठ्या कागदावर काढल्या. जवळपास सगळ्या एकाच टेबलाकडे गेल्या. मुद्रितशोधक सुलभाताईंच्या.

ताई कागद बघून म्हणाल्या, "तरीच माझा चहा रोज गार होतो."

"ताई, तुम्ही या ऑफिसचं हृदय आहात."

"अहो, मग हृदयाला एक धड खुर्ची द्यायला सांगा."

रिपोर्ट तीन पानांचा होता. मालकांना पाच वाजेपर्यंत एक पान हवं होतं. कापाकापी हे माझं काम.

सरांनी लिहिलं होतं, "सुलभाताईंकडे प्रश्न येतात आणि सुटून पुढे जातात. ही जागा हलवू नये." त्यापुढे शरीरात रक्त कसं फिरतं, यावर एक परिच्छेद.

मला ते पाल्हाळ वाटलं. सगळं काढून मी लिहिलं, "बहुतेक कामं सुलभाताईंपाशी येऊन थांबतात."

छोटं, स्वच्छ वाक्य. तेव्हा मला आवडलंही होतं.

"सर, फायनल बघताय?"
"तुम्ही बघितलंत ना? मग झालं."

मालकांनी ते पान वाचलं, सोबतचा रेघांचा कागद बघितला आणि अडथळा दूर केला. पंधरा दिवसांत ताईंना निवृत्त केलं.

जाताना त्या सरांना एवढंच म्हणाल्या, "हृदय म्हणालात ना? बायपास केलं बघा."

पुढे कितीतरी महिने माणसं हातात प्रूफ घेऊन उठायची. त्या रिकाम्या टेबलापर्यंत जायची, क्षणभर उभी राहायची, परत यायची.

मीही जाऊन आलोय.

पाचवीच्या पुस्तकात एकच धडा दोनदा छापला गेला.
ऑफिस बंद पडलं नाही.

सरांनी त्यानंतर तसा नकाशा कुठेच काढला नाही. भेटले की म्हणायचे, "चित्रामुळे गैरसमज झाला हो. माझीच रेघ चुकली."
मी दर वेळी विषय बदलायचो.

आज त्यांच्या घरी मुलीने, संघमित्राने विचारलं, "काका, आजारपणात बाबा बोटाने चादरीवर रेघा काढायचे. 'कुठे चुकली, कुठे चुकली' म्हणायचे. कुठली रेघ? तुम्हाला माहितीये?"

मी "नाही गं" म्हणालो आणि जिना उतरलो.

संघमित्रा, खोटं बोललो. बाबांची एकही रेघ चुकली नव्हती. वाक्य माझं होतं.

सर, हे तुम्हाला सांगायला माझ्याकडे अकरा वर्षं होती.
शेवटचा जय भीम.