आधी स्वतःला लावून बघणारा

अंथुर्णे गावात माझ्या शेजारी राहणारा हा माणूस साखर कारखान्यात बॉयलरचं तापमान मोजणाऱ्या तारा सांभाळायचा. कुठलाही आकडा सांगितला की मान तिरकी करून विचारायचा, "पन दावणारा धड हाय का?"

पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये त्यानं ऐकलं होतं की सूर्यासारखी आग पेटवणाऱ्या अणुभट्टीत किरणांच्या माऱ्यानं तारेचा धातूच हळूहळू बदलतो. "तार तुटत न्हाय, गुरुजी. आकडा दावत ऱ्हाती, पन खोटा. अन् तिला सोताला त्याचा पत्ता न्हाय." हे त्यानं मला निदान वीसदा सांगितलं असेल. मला दर वेळी अर्धंच कळायचं.

एकदा मी हुडहुडी भरून पडलो होतो. त्यानं माझ्या हातातला थर्मामीटर घेतला आणि आधी स्वतःच्या काखेत धरला. "मी ठणठणीत हाय. आधी माझ्यावर तपासू." एकशे दोन! मग झटकून मला लावला. पुन्हा एकशे दोन.

"बघा, ह्योच बिघडलाय. तुमाला ताप न्हाय, गुरुजी," म्हणाला आणि खुशीत उठला.

मी चिडलो. वीस वर्षं बॉयलरपाशी उभं राहणाऱ्याला अंगातली कणकण काय कळणार? माझा ताप त्याला पटवायला मी त्याचा हात घट्ट धरला. मला तो गरम लागला नाही, गारही लागला नाही. पण माझाच हात तापलेला असेल, तर त्याचाही तितकाच तापलेला नसेल कशावरून?

त्याच्याही ते ध्यानात आलं असावं. तो परत खाली बसला, आणि बराच वेळ आम्ही तसेच, हात न सोडता, एकमेकांकडे बघत राहिलो.