रांगेत चावी फिरवायची नाही

माझ्या धाकट्या भावाला टॅक्सी स्टँडवर सगळे कप्तान म्हणत. बाकीच्या बावीस जणांकडे चार माणसांच्या गाड्या होत्या, त्याच्याकडे नऊ माणसांची. स्टँड आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. तो आणि माझी भावजय खालच्या मजल्यावर राहतात, मी वर. माझे यजमान गेल्यापासून दुपारी मी खिडकीत बसते. त्यामुळे पुढचं बहुतेक मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि दिवसवार डायरीत लिहिलेलंही आहे.

अकरा वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवून त्याने ही गाडी घेतली. ती स्टँडवर आली त्या दिवशी सगळे तिच्याभोवती फिरत होते. एकाने दार तीनदा उघडून लावलं, केवळ आवाज ऐकायला. "तिजोरीसारखं लागतं हो," म्हणाला. आपापल्या गाड्यांना ते त्या दिवसापासून डबडी म्हणायला लागले. स्टेशनला निघालेली कुटुंबं, आडवं न्यावं लागणारे पेशंट, कपाट हलवणारे भाडेकरू, सगळे भावालाच शोधत यायचे. दुपारी ऊन तापलं की पाच-सहा जण डबे घेऊन त्याच्या गाडीत बसायचे. त्यात एक चष्मेवाला होता. कारखाना बंद पडला म्हणून चाळिशीत या धंद्यात आलेला. अरुंद गल्लीत गाडी मागे कशी घ्यायची हे त्याला भावाने शिकवलं. वर्षभर त्याने माझ्या भावजयीच्या हातची भाजी खाल्ली, आणि आपला डबा तसाच घरी नेला म्हणून बायकोची बोलणीही खाल्ली.

मग डिझेलचे भाव चढायला लागले. सुरुवातीला स्टँडवर रोज त्याचीच आरडाओरड असायची. तीन-चार महिन्यांनी ओरडही थांबली. भाव ऐकायचे, हिशेब मनात करायचा आणि गप्प बसायचं.

उपाय माझ्या भावाने काढला. पुढची गाडी भाडं घेऊन गेली की मागचा प्रत्येक जण चावी फिरवून दोन पावलं पुढे सरकायचा. दिवसातून वीस वेळा. तो म्हणाला, इंजिन बंद ठेवा, उतरा आणि ढकला. पण आळशी माणूस दुसऱ्या दिवशीच चावी फिरवणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने नियमही केला. रांगेत चावी फिरवेल त्याने शेवटच्या नंबरावर जायचं. सगळ्यांनी हात वर केले. महिन्याभरात चष्मेवाल्याला ताप भरला, ढकलवेना, म्हणून त्याने चावी फिरवली. भावाने त्याला मागे पाठवलं. मी खिडकीतून म्हटलंही, अरे, आजारी आहे तो. भाऊ म्हणाला, आजाऱ्याने घरी झोपावं.

लहान गाडीला एक माणूस पुरतो. भावाच्या गाडीला चार लागत. पहिल्यांदा ते न बोलावता यायचे, हसत-खिदळत धक्का मारायचे. मग एकाची कंबर दुखायला लागली, दुसऱ्याला नेमका तेव्हाच फोन यायचा. चष्मेवाला म्हणाला, "कप्तान, तुमची गाडी ढकलून आम्हाला दोन घास जास्त लागतात. त्याचा भाव कोण देणार?" सगळे हसले, भाऊही हसला. पुढे हसण्यासारखं राहिलं नाही. दोन गाड्यांची जागा खाते, म्हणायचे. धूर बघा, म्हणायचे. ज्याने तिजोरी म्हटलं होतं तोच म्हणाला, तिजोरी खरी, पण पैसा आत जातो, बाहेर येत नाही. गिऱ्हाईकही गाडीच्या आकाराकडे पाहून नाक मुरडायचं आणि मागची लहान गाडी विचारायचं. हे बोलणाऱ्यांतला प्रत्येक जण पूर्वी त्या गाडीच्या सावलीत जेवला होता.

भावजय म्हणाली, नियम तुम्हीच केलात, तुम्हीच मोडायला सांगा. तो म्हणाला, "तापातल्या माणसाला मागे पाठवलं मी. आता माझ्यासाठी सूट मागू?"

तो एकटा ढकलायला लागला. दार उघडं, एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मागची रांग सपाट होती, तिथे जमायचं. पण पहिल्या नंबराची जागा जराशी चढावर आहे. तिथे पोचला तर दिवसाला दोन भाडी तरी मिळत, नाही तर तीही नाहीत. गाडी ठेवायची की विकायची हे त्या चार हात चढावर ठरणार होतं, आणि ते स्टँडवर सगळ्यांना माहीत होतं.

मला त्या आठवड्यात डोळे दाखवायला जायचं होतं. भाऊ माझ्याकडून कधी पैसे घेत नसे. म्हणजे त्याच्या गाडीतून जायचं तर जाऊन-येऊन चौदा किलोमीटरचं डिझेल त्याच्या अंगावर. म्हणून मी ठरवलं की त्याला न सांगता लहान गाडीने जायचं. खिडकीतून पाहिलं, पहिल्या नंबराला एक पांढरी गाडी होती आणि भाऊ दुसरा. म्हटलं, पटकन पांढरीत बसावं. पण माझे गुडघे असे, की जिना उतरून रस्ता ओलांडेपर्यंत पांढरी गाडी निघून गेली होती.

भाऊ चढावर होता. गाडी अर्धी वर गेली होती आणि अडली होती. मान खाली, पाय मागे रोवलेले, सदरा पाठीला चिकटलेला. स्टँडवरच्या बाकावर चार जण बसले होते. कोणी उठलं नाही. चष्मेवाल्याने मागून आपली गाडी एका हाताने ढकलत बाजूने काढली आणि पहिल्या नंबराला लावली.

"जागा रिकामी होती, कप्तान," तो म्हणाला. मग माझ्यासाठी दार उघडून, "या ताई. कुठे जायचंय?"

भावाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो बोलू शकत नव्हता, कारण सोडलं असतं तर गाडी मागे गेली असती. मी क्षणभर थांबले. चौदा किलोमीटरचं डिझेल, एवढंच माझ्या मनात आलं. मी बसले. दार लागताना बाकावरून ऐकू आलं, "सख्खी बहीण लहान गाडीत बसते, आणि आम्ही वाईट."

संध्याकाळी तो वर आला. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करायचं, मी म्हटलं. त्याच्या खांद्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. मी सांगायला गेले की तू पैसे घेत नाहीस, म्हणून मी...

"घेतले असते, ताई," तो म्हणाला. "त्या चौघांसमोर मोजून घेतले असते."

दुसऱ्या दिवशी तो सातव्या नंबराला होता. पुढची गाडी गेली, सगळे उतरून ढकलायला लागले, आणि त्याने चावी फिरवली. इतक्या दिवसांनी रांगेत इंजिनचा आवाज. चौघांनी वळून पाहिलं. त्याने गाडी बाहेर काढली, शेवटच्या नंबरापर्यंत नेली, आणि तिथे न थांबता तशीच पुढे गेला. दुपारी चालत घरी आला. गाद्यांच्या व्यापाऱ्याने गाडी घेतली होती, सीट काढून टाकणार होता. भावजयीने ताट वाढलं. तो जेवला. डायरीत त्या दिवशीच्या पानावर मी हवा लिहिली आहे, डोळ्यांच्या थेंबांची वेळ लिहिली आहे, बाकी काही नाही.

आता सकाळी चष्मेवाला आपली गाडी चालवतो आणि दुपारनंतर तीच गाडी माझा भाऊ, भाड्यातला वाटा ठरवून. एका हाताने ढकलतो. त्याला आता कोणी कप्तान म्हणत नाही. स्टँडवरच्यांना कधी दुपारी बसायला सावली लागते तेव्हा समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसतात, आणि दुकानदार उठवतो.

ऑपरेशननंतर पट्टी काढायला मी गेले तेव्हा पहिल्या नंबराला भाऊच होता. त्याने दार उघडलं, मला हात धरून बसवलं, पदर दारात अडकत नाही ना ते पाहिलं. मग पुढे बसून मीटर टाकला.

सिग्नलला गाडी थांबली तशी त्याने सवयीने इंजिन बंद केलं. उघड्या डोळ्याने मी पाहत होते, गाडी उभी होती आणि मीटरवरचा आकडा पुढे सरकला.